मराठी सबटायटल्स करणाऱ्या सरांना अनावृत आभार पत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या लघुपट महोत्सवात आमच्या महाविद्यालयातील मुलींसाठी आपण जे केलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. प्रत्यक्ष भेटीत आभार मानायला गेले, तेव्हा "त्यात काय एवढे" म्हणून आपण विषय बदललात आणि पुढचा खेळ सुरू होतो आहे असे सांगून आम्हाला आत पाठवलेत. महोत्सवाच्या पत्रिकेत दिग्दर्शकांची आणि परीक्षकांची नावे असतात. आपण केलेल्या कामाचा उल्लेख तिथे एका ओळीनेही नव्हता. ते काम नेमके काय होते, हे चित्रपट आवडीने पाहणाऱ्या इतरांनाही कळावे, म्हणून हे पत्र अनावृत ठेवत आहे.

आमच्या मुली अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या खेड्यांमधून एसटीने किंवा काळीपिवळीने महाविद्यालयात येतात. त्यांनी सिनेमे पाहिलेले नाहीत असे मुळीच नाही. फोनवर त्या पुष्कळ पाहतात. पण परदेशी लघुपट समोर आला की इंग्रजी सबटायटल्सपाशी गाडी अडते. त्यांना इंग्रजी वाचता येते, मात्र पडद्यावरची ओळ दोन-अडीच सेकंदांत वाचून, तिचा अर्थ लावून, शिवाय वर माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहण्याइतका सराव त्यांना नसतो. ओळ वाचावी तर चित्र निघून जाते आणि चित्र पाहावे तर ओळ निसटते. पूर्वी एका ठिकाणी मी ही अडचण मांडली, तेव्हा असे चित्रपट सगळ्यांसाठी नसतातच, असे उत्तर मिळाले होते. ते उत्तर मला लागले. त्यामुळे आपल्याला फोन करताना मनात धाकधूक होती. आपण मात्र पहिलाच प्रश्न विचारलात, "मुली किती आहेत, आणि त्या कोणत्या दिवशी येऊ शकतील?"

त्यानंतर आपण काय काय केलेत, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. आमच्या मुली ज्या दिवशी येणार होत्या, त्या दिवसाच्या सगळ्या परभाषिक लघुपटांच्या निर्मात्यांना आपण पत्रे पाठवलीत, मराठी सबटायटल्स करण्याची परवानगी मागितलीत आणि प्रत्येकाकडून संवादांची यादी मिळवलीत. मग रात्री जागून एकेका लघुपटाची फाइल तयार केलीत. ही फाइल दिसायला अगदी साधी असते, हे आपणच मुलींना लॅपटॉपवर दाखवलेत: आधी अनुक्रमांक, त्याखाली ओळ पडद्यावर येण्याची आणि जाण्याची वेळ, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि त्याखाली मजकूर. एका वेळी दोनच ओळी, त्या सहा-सात सेकंदांहून अधिक रेंगाळू द्यायच्या नाहीत, आणि शक्यतो दृश्य बदलण्याच्या आत ओळ संपवायची. देवनागरीची अडचण आणखी वेगळी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. म्हणून सगळा मजकूर आपण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच उमटणाऱ्या अक्षरांत, टंकलात. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकींत अडकतात, म्हणून दोन ओळींमधले अंतर वाढवलेत. हे सगळे नीट जमले की नाही ते घरच्या पडद्यावर कळत नाही, म्हणून रिकाम्या प्रेक्षागृहात जाऊन, अगदी शेवटच्या रांगेत बसून प्रत्येक लघुपट आपण पुन्हा तपासलात.

यातली एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. डोंगराळ मुलुखातल्या एका म्हातारीचा लघुपट आपण दाखवलात. ती आपला एकुलता एक याक व्यापाऱ्याला विकते, पैसे दोनदा मोजते आणि त्याला रात्री कुठे बांधणार, एवढेच विचारते. व्यापाऱ्याचे उत्तर बरेच लांब आहे. त्याचे बोलणे संपायच्या आत कॅमेरा म्हातारीकडे वळतो आणि बराच वेळ तिच्यावरच थांबतो. इंग्रजी सबटायटल्समध्ये व्यापाऱ्याची ओळ त्या चेहऱ्याखाली शेवटपर्यंत राहते, असे आपण नंतर सांगितलेत. मराठीत आपण ती ओळ छोटी केलीत आणि कॅमेरा वळायच्या आधीच काढून घेतलीत. आमच्या मुलींना तो चेहरा मोकळा पाहायला मिळाला. दुष्काळात दावणीचे बैल विकले गेलेले त्यांच्यापैकी काहींनी घरी पाहिले आहे. त्यांना त्या क्षणी वाचायला काही नव्हते, फक्त पाहायचे होते. भाषांतर करणाऱ्याने आपले शब्द इतक्या समजुतीने मागे घ्यावेत, हे मराठीची अध्यापक म्हणून मला फार मोलाचे वाटते.

लघुपटांचा क्रम लावण्यातही आपला हात होता, हे संयोजकांकडून कळले. सकाळच्या सत्रात एकही संवाद नसलेला चार मिनिटांचा विनोदी लघुपट, त्यामागे मिठागरातल्या मजुरांवरचा माहितीपट, मग कोळशाने काढलेल्या चित्रांचा अ‍ॅनिमेशनपट, आणि मग कुठे आई-मुलीची एक कथा, अशी मांडणी होती. पहिल्याच लघुपटाला सगळे प्रेक्षागृह मोठ्याने हसले आणि आमच्या मुलींच्या मनातले दडपण तिथेच उतरले. अ‍ॅनिमेशनपटाआधी आपण जे दोन मिनिटे बोललात, त्याने पाहण्याची दिशाच बदलली. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. प्रत्येक चित्र दोनदा वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे काढावी लागतात, म्हणजे पाच मिनिटांसाठी ३,६०० होतात, असा हिशेब आपण मांडलात. कोळशाचे चित्र पुसून त्याच कागदावर पुढचे काढले, की आधीच्या रेषेचा धूसर डाग मागे उरतो, तो डाग शोधा, असेही सुचवलेत. मुली तो डाग शोधत राहिल्या आणि चालणाऱ्या माणसामागे त्याच्याच आधीच्या पावलांची सावली त्यांना दिसत गेली. त्यावर चहाच्या वेळी आपण अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याचा विषय काढलात. तिथल्या विश्वंतर जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेत, एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो आणि मध्ये चौकटी नसतानाही कथा पुढे जाते. शाळेच्या सहलीत ते लेणे घाईघाईत पाहिलेल्या मुलींना ते पुन्हा पाहावेसे वाटू लागले आहे.

लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाकडे जाण्याची पायरी, असे मीही वर्गात सहज बोलून जात असे. आपण हे मत सौम्यपणे, पण ठामपणे खोडून काढलेत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंची जी चलच्चित्रे दाखवली गेली, त्यांतले प्रत्येक जेमतेम मिनिटभराचे होते. छायाचित्रकार हरिश्चंद्र भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले, तेही छोटेसेच. दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून १९१२ मध्ये एक लहानसा पट तयार केला आणि त्यावरून भांडवल देणाऱ्याची खात्री पटवली. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा मोठा कथापट त्यानंतर, १९१३ मध्ये आला. म्हणजे सिनेमा आपल्याकडे आला तोच लघुपटाच्या रूपात. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' आणि नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' या राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या लघुपटांची नावे घेऊन, त्यांच्या दिग्दर्शकांनी पुढे काय केले हे क्षणभर बाजूला ठेवा आणि ते लघुपट त्यांच्यापुरते पाहा, असे आपण म्हणालात. वाटाण्याच्या रोपाची गोष्ट ऐकल्यापासून आमच्या एका विद्यार्थिनीने घरच्या खिडकीत वाटीभर मातीत हरभरा पेरला आहे आणि ती रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून फोनने त्याचे छायाचित्र घेते.

एका बाबतीत माझे आपल्याशी एकमत नाही, आणि आभाराच्या पत्रातही ते लिहिणे मला योग्य वाटते. जेवणानंतरच्या सत्रात तीन गंभीर माहितीपट लागोपाठ आले. तिन्ही उत्तम होते, पण तिसऱ्यापर्यंत पाहणाऱ्याची ताकद संपली होती, आणि तो लघुपट सकाळी दाखवला असता तर त्याला अधिक न्याय मिळाला असता. फिल्मवर थेट ओरखडे काढून केलेला तो प्रयोगपट मात्र मला आवडला नाही आणि आजही आवडत नाही. तरीही तो वगळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. न आवडलेल्या त्या लघुपटावर परतीच्या प्रवासात मुली जितक्या बोलल्या, तितक्या आवडलेल्यांवरही बोलल्या नाहीत.

प्रश्नोत्तरांचा प्रसंग तर मी विसरणे शक्य नाही. आसामातून आलेली एक तरुण दिग्दर्शिका मंचावर होती. प्रश्न इंग्रजीत आणि थोडे हिंदीत चालले होते. आमच्या एका मुलीने हात वर केला आणि मराठीतूनच विचारले की, आई घरात असते तेव्हा कॅमेरा कायम उंबऱ्याबाहेर का थांबतो, आत का जात नाही? मागे थोडी कुजबुज झाली. आपण माईक हातात घेऊन तो प्रश्न जशाच्या तसा हिंदीत मांडलात, त्यात काही सुधारणा केली नाहीत आणि तो कोणत्या गावाकडून आला आहे हेही सांगितले नाहीत. दिग्दर्शिका म्हणाली की खोली इतकी लहान होती की कॅमेरा आणि आई दोन्ही आत मावत नव्हते. पहिल्या दिवशी तिला त्याचे वाईट वाटले, दुसऱ्या दिवशी तिने ठरवून टाकले की आई आपल्याला उंबऱ्यावरूनच दिसेल. हे सगळे उत्तर आपण त्या मुलीकडे वळून, तिच्याकडे पाहत मराठीत सांगितलेत, एकही वाक्य न गाळता. पुढचे दोन प्रश्नही मराठीतूनच आले, आणि ते आमच्या मुलींचे नव्हते.

शेवटची एसटी चुकू नये म्हणून संध्याकाळचा एक खेळ आपण संयोजकांशी बोलून अलीकडे घेतलात. मुलींना महोत्सवाला पाठवावे की नाही, हे अनेक घरांत परतीच्या गाडीवर ठरते. आपण ते आपणहून ओळखलेत, त्याबद्दल पालकांच्या वतीनेही आभार.

मुंबईत १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपट यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होत आला आहे, आणि आपल्या शहरातल्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने मराठवाड्यात जगभरचा सिनेमा पाहणारा प्रेक्षक घडवला आहे. या सगळ्या ठिकाणी येणाऱ्या लघुपटांपैकी थोड्यांना तरी मराठी सबटायटल्स मिळाव्यात, अशी माझी संयोजकांना कळकळीची विनंती आहे. हे काम एका माणसाच्या रात्रींवर सोडून देता येणार नाही. त्याला मानधन हवे, वेळ हवा आणि शिकलेले हात हवेत.

हात तयार करायला आम्ही सुरुवात केली आहे. निर्मात्यांच्या परवानगीने आपण पाठवलेल्या फाइलींवरून आमच्या पाच विद्यार्थिनी नऊ मिनिटांच्या एका बंगाली लघुपटाच्या मराठी सबटायटल्स करत आहेत. आजी आणि नातू एकाच वेळी बोलतात, त्या जागेवर त्या अडल्या आहेत. दोघांची बोलणी दोन ओळींत, प्रत्येकीआधी आडवी रेघ देऊन लिहिली, तर आजीचे अर्धे वाक्य सुटते. वेगवेगळी दाखवली, तर नातवाचे उत्तर उशिरा येते. दोन्ही प्रकारे केलेल्या फाइली पुढच्या आठवड्यात आपल्याला पाठवतो. आपण त्या पाहाव्यात आणि कोणती ठेवावी ते कळवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
मराठी विभागातील एक प्राध्यापिका
अंबड, जि. जालना