बाबा, लाल पेन जरा बाजूला ठेवा

सुझोऊ (चीन), मार्चअखेर

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

आम्ही इथे सगळे मजेत आहोत. पाडव्याला गुढी उभारली, पुरणपोळ्याही केल्या. समोरच्या घरी दोन दिल्या, तर त्या लोकांनी त्यावर तूप घ्यायचं की नाही याची आधी नीट चौकशी केली आणि मग खाल्ल्या.

हे पत्र त्या समोरच्या घराबद्दलच आहे. बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, की ही पोरं घरात इंग्रजीचा गंध नसताना इंग्रजी शिकतात तरी कशी. फोनवर चार वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही. समोरची मुलगी आपल्याकडच्या बारावीच्या बरोबरीच्या वर्गात आहे आणि रविवारी दुपारी तिच्या सरावपत्रिका घेऊन माझ्याकडे येऊन बसते. मी शिकवते असं नाही म्हणणार. अडलेलं विचारते ती, आणि मी तुमच्या इंग्रजीच्या वर्गातल्याच पद्धतीने आधी तिलाच परत विचारते.

जूनमध्ये त्यांची गावकाव. कॉलेजात जायचा सगळा हिशोब या एका परीक्षेवर. एकूण 750 गुण, त्यात चिनी, गणित आणि इंग्रजी प्रत्येकी 150. इंग्रजीचा पेपर 8 जूनला दुपारी तीन ते पाच. सुरुवातीलाच ऐकण्याचे वीस प्रश्न असतात. त्या वेळी केंद्राच्या आसपास हॉर्न वाजवायची बंदी असते, शेजारचं बांधकामही थांबवतात. वाचनाला 50 गुण, भाषेच्या वापराला 30, लेखनाला 40. बोलण्याला इथल्या पेपरात गुण नाहीत. त्यामुळे ही मुलगी पानभर उतारा सरसर वाचते, पण बोलायला लागली की पहिल्या वाक्यालाच अडखळते. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुम्हाला आवडेल तो व्याकरणाचा प्रश्न. आपल्याकडच्या ‘डू ॲज डायरेक्टेड’सारखी सुटी वाक्यं नसतात. एक सलग उतारा, त्यात दहा रिकाम्या जागा. काही जागांपुढे कंसात मूळ शब्द दिलेला, काही जागा साफ कोऱ्या. 2023 च्या पेपरात तो उतारा शाओलोंगबाओवर होता, म्हणजे आत गरम रस्सा भरलेले इकडचे वाफवलेले मोदकच म्हणा. त्याच्या आदल्या वर्षी पांडांच्या राष्ट्रीय उद्यानावर. आपल्या मातीतला विषय आणि परकी भाषा, ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते. मुलाला मजकूर आधीच ठाऊक असतो, त्यामुळे सगळं लक्ष वाक्याच्या बांधणीवर जातं.

परवाच्या पत्रिकेत चहावर उतारा होता. वाक्य असं, की ‘या डोंगरांवर, रिकामी जागा, चहा जगभर जातो’, आणि कंसात ‘ग्रो’. तिने आधी ‘ग्रो’ लिहिलं, मग ‘ग्रोज’, मग पेन्सिल तोंडात धरून बसली. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही. काल, आज, उद्या सगळ्यांना तेच रूप, आणि काळ कळतो तो आजूबाजूच्या शब्दांवरून. मी विचारलं, या वाक्यात खरं काम करणारं क्रियापद कोणतं? तिने ‘जातो’खाली रेघ ओढली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ‘ग्रोन’, म्हणजे ‘पिकवलेला’, असं लिहिलं. बाबा, तुमच्या वर्गात उत्तर सापडलेल्या पोराचा चेहरा जसा व्हायचा ना, अगदी तसाच झाला तिचा.

आणि काही चुका तर तुमच्या वाईच्या वर्गातल्याच! ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू केलं की मधे ‘बट’ हमखास येतो. आपण जरी म्हटल्यावर तरी म्हणतो, त्यांच्याकडेही तशीच जोडी आहे. ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ आपल्यालाही नाहीत, त्यांनाही नाहीत. एक मात्र त्यांचं वेगळं. बोलताना ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल सारखी होते, कारण चिनीत दोन्हींचा उच्चार एकच. स्वतःच्या आजीला दिवसभर ‘ही’ म्हणत असते.

तिची चुकांची वही तुम्हाला दाखवायला हवी होती. इथे बहुतेक मुलांकडे अशी वही असते. डाव्या पानावर चुकलेला प्रश्न कापून चिकटवायचा, उजव्या पानावर बरोबर उत्तर आणि आपण का चुकलो ते कारण. ‘शब्द माहीत नव्हता’, ‘घाईत वाचलं’, ‘चिनीत विचार केला’. खाडाखोड नाही, रडारड नाही. परीक्षेच्या आधी पुस्तकापेक्षा ही वही जास्त वाचली जाते. तुम्ही स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईलवर सरावाचे कागद काढायचात आणि चुकलेली वाक्यं दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घालायचात, त्यामागचा विचार हाच होता, हे मला आता तिच्या वहीवरून कळतंय.

अक्षर तर विचारूच नका. हबेई प्रांतातल्या हंगशुई शहरातल्या शाळेच्या नावाने एक वळण इथे गाजलंय. उभी, गोल, एकमेकांपासून सुटी अक्षरं, छापल्यासारखी. त्याचे कित्ते विकत मिळतात. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासतात, म्हणून स्वच्छ अक्षराला फार मान.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. लेखनातला पहिला प्रश्न साधारण 80 शब्दांचं पत्र, 15 गुण. त्यात बहुतेक वेळा विद्यार्थ्याने स्वतःला ली हुआ समजायचं असतं. तीस एक वर्षं हा ली हुआ चीनच्या परीक्षांमध्ये परदेशी मित्रांना पत्रं लिहितोय. कधी आमंत्रण, कधी माफी, कधी सल्ला. 2023 मध्ये परदेशी शिक्षकांना लिहायचं होतं, की तुम्ही बोलण्याच्या सरावासाठी मुलांच्या जोड्या वाटेल तशा लावताय, त्यात अडचण आहे. विषय किती चांगला! पण पोरं सुरुवातीची आणि शेवटची वाक्यं घोकून ठेवतात, आणि विषय कुठलाही असो, पत्र एकाच साच्यातून निघतं.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा, 25 गुणांचा. अर्धी गोष्ट देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात, आणि 150 शब्दांत ती पुरी करायची. 2023 ची गोष्ट माझ्या आवडीची. ब्राझीलहून आलेल्या घरातलं मूल, इंग्रजी त्याची दुसरी भाषा. शिक्षक लेखनस्पर्धेत भाग घे म्हणतात, ते आधी नाही म्हणतं, मग अमेरिकन इतिहासातल्या पॉल रिव्हिअरच्या रात्रीच्या दौडीबद्दल लिहायला घेतं, पण त्याच्या घोड्याच्या बाजूने. पुढे काय झालं ते विद्यार्थ्याने लिहायचं. दुसऱ्या भाषेत लिहायला घाबरणाऱ्या लाखो मुलांपुढे तशाच मुलाची गोष्ट ठेवणाऱ्या परीक्षकाला मी मनापासून मानते. इथेही पाठ केलेली वाक्यं येतातच. सगळ्यांच्या गोष्टीत डोळे पाणावतात, छाती धडधडते. आमच्या या समोरच्या मुलीने मात्र शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी त्या मुलाला नुसतं उभं केलं. आत जायचा धीर होत नाही, बुटाची नाडी पुन्हा बांधतं. हे तिचं स्वतःचं होतं. मी तसं सांगितलं, तर तिला आधी खरंच वाटेना.

इतकी पत्रं लिहूनही या मुलीला इंग्रजीत कधी कुणाचं उत्तर आलेलं नाही. येणार कुठून? ली हुआची पत्रं तपासली जातात, पोचत कुणालाच नाहीत. म्हणून मी तिला म्हटलं, माझ्या बाबांना लिही. सोबत तिचं पत्र जोडलंय. ती ली हुआ म्हणून नाही, स्वतःच्या नावाने लिहितेय. माझ्याकडच्या फोटोतल्या ढोल्या गणपतीबद्दल विचारलंय, तुमची मुलं तुम्हाला घाबरायची का ते विचारलंय, आणि निवृत्त झाल्यावर दिवसभर काय करता, हेही. चुका आहेत. मी एकही दुरुस्त केलेली नाही.

बाबा, आधी उत्तर लिहा. दुरुस्त्या करायच्याच असतील तर वेगळ्या कागदावर, त्याही पेन्सिलने आणि दोन-तीनच. तुमचं जोडून काढलेलं वळणदार अक्षर तिला वाचता येणार नाही, तेव्हा सुटी अक्षरं काढा. घाट, कृष्णेचं पाणी, सकाळची तुमची फेरी, जे मनात येईल ते लिहा. आणि तिलाही एखादा प्रश्न विचारा, म्हणजे तिला पुन्हा लिहावं लागेल.

आई, ती रात्री दहाला शाळेतून येते, मग जेवते कधी, असं तू विचारलं होतंस. संध्याकाळचं जेवण शाळेतच होतं, घरी आल्यावर फळं आणि दूध. तिची आई तुझी आठवण काढते. त्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघींनी एकमेकींना ‘हाऊ आर यू? फाइन, थँक यू. अँड यू?’ म्हटलंत ना, ते तिला शाळेपासून पाठ आहे. नव्वदीतल्या त्यांच्या पुस्तकांत ली लेई आणि हान मेईमेई नावाची मुलं होती, ती पिढी त्यांच्याबरोबरच इंग्रजी शिकली.

उत्तर एप्रिलच्या मध्यापर्यंत टाकलंत तर बरं. मे महिन्यात तिच्या सराव परीक्षा एकामागून एक आहेत. पोस्टाने पाठवाच, पण पाकीट बंद करायच्या आधी दादाकडून पानांचा फोटो काढून मला पाठवा, उशीर झाला तर छापून देईन. पत्ता पाकिटाच्या मागे चिनीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवून पाठवलाय, तीच चिठ्ठी काढून तुमच्या पाकिटावर लावा.

तुमची लेक