प्रश्न मजुरांनाच ठरवू द्या

महोदय,
वडोदऱ्यात आमच्या गल्लीतल्या बांधकामावर मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरकडची भिल्ल कुटुंबं ताडपत्रीखाली राहतात. परवा मजुरांची पाहणी करणारे आले, गुजरातीत फॉर्म भरून दहा मिनिटांत गेले. रेतीची घमेली उचलणारी एक बाई नंतर मला म्हणाली, "ताई, मुकादमाकडे किती मजुरी अडकलीय, पोर कुठं ठेवते, हे विचारलंच नाही." १९७९च्या कायद्यात परराज्यातल्या मजुरांसाठी विस्थापन भत्ता, म्हणजे गाव सोडून कामाला आल्याबद्दलची रक्कम, होता, तिच्या तो कानावरही नाही.

असे प्रश्न त्यांच्यातल्याच भिली बोलणाऱ्या पोरींनी ठरवावेत, विचारावेत. त्या दिवसाची मजुरी त्यांना मिळावी. निष्कर्षही आधी ताडपत्रीखाली वाचून दाखवावेत. आपले पूर्वजही गायकवाडांबरोबर परमुलखातूनच इथं आले. इथल्या मराठी मंडळांनी यासाठी संध्याकाळी आपलं सभागृह उघडावं, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा