जहाजाचा हप्ता

नॉर्मल, इलिनॉय
रविवार

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी रात्री बारापर्यंत फासे कसले टाकतोस, असं तुम्ही फोनवर विचारलंत. जुगार नाही, आईलाही सांगा. 'ट्रॅव्हलर' नावाचा खेळ आहे, १९७७ साली याच गावातून निघालेला. (गावाचं नाव खरंच नॉर्मल आहे.)

आपण अंतराळातला एक माणूस व्हायचं आणि त्याच्या वतीने बोलायचं. पण तो माणूस आधी घडवावा लागतो. चार-चार वर्षांच्या मुदतीची नोकरी धरायची, आणि प्रत्येक मुदतीत जगला की मेला ते फासे ठरवतात. माझा पहिला माणूस स्काउट, म्हणजे टेहळणी खात्यात गेला आणि दुसऱ्याच मुदतीत वारला, खेळ सुरू व्हायच्या आधीच! ज्यांच्या घरी खेळतो त्या निवृत्त शिक्षिका पोट धरून हसल्या. हैदराबादचा रूममेट मात्र वैतागला, "फॉर्म भरतानाच नापास?" तो परत येईलसं वाटत नाही.

माझा दुसरा वाचला. व्यापारी जहाजांवर वीस वर्षं काढून अडतिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

आता तुमचा विषय. त्याच्या जहाजाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट (खेळातलं चलन). वीस टक्के आधी भरायचे, मग किमतीचा २४० वा भाग दरमहा, असे ४८० हप्ते. म्हणजे चाळीस वर्षं! महिन्याला १ लाख ५४ हजार ५००. माल ८२ टन मावतो, टनाला भाडं हजार. महिन्यात दोनच फेऱ्या होतात, कारण एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला आठवडा लागतो, अंतर कितीही असो. पूर्ण भरून गेलो तरी हप्ता जाऊन साडेनऊ हजार उरतात, त्यात इंधन आणि पगार. प्रवासी घेतले तरच तगतो. बाकीच्यांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना बंदुका हव्यात. मला बँकेतून आल्यावर वही घेऊन बसलेले तुम्ही दिसता.

आणखी एक. या खेळात तारायंत्र नाही. जहाज पोचेल तेव्हाच बातमी पोचते, आजोबांच्या गिरणीतल्या पत्रांसारखी. ते डोक्यात बसलं, म्हणून आज फोन न करता कागद घेतला.

जमाखर्चाचं पान सोबत जोडलंय. देखभालीच्या रकमेत माझी काहीतरी गडबड होतेय, तपासून कळवा. आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू