इन्शुलिन घेतलंस का?

बाळा,

काल फोन मधेच ठेवलास त्याचं काही नाही. पण "लघवीत साखर नाहीये, एक दिवस नाही घेतलं इन्शुलिन तर काय होतंय" असं म्हणालास ते डोक्यातून जात नाहीये. फोनवर बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय, ओरडायला नाही.

झोप लागेना म्हणून वाचत बसले. तुझ्या या आजारात लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या वैद्यांनी केव्हाच बघितलं होतं, म्हणून तर मधुमेह. १६७४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसने ती मधासारखी गोड लागते असं लिहून ठेवलं. मग १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सनने पेशंटची लघवी आटवली तर खाली चक्क साखर उरली, आणि त्याला रक्तातलं पाणीही गोड लागलं, म्हणजे साखर किडनीत तयार होत नाही, रक्तातूनच येते. केवढा हुशार माणूस! तुला हेच सांगत होते रे, रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते, त्यामुळे लघवी साफ आली म्हणजे सगळं ठीक असं नसतं. बोटातूनच तपासायचं. आणि तुझं टाइप वन आहे, आजोबांसारखं गोळ्यांवर भागणारं नाही.

लसीची सुई दिसली की ताईच्या मागे लपायचास, नि आता मित्रांसमोर स्वतः टोचून घेतोस म्हणे. ताईने सांगितलं तेव्हा ऊर भरून आला माझा.

१९२२ च्या जानेवारीत टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इन्शुलिन दिलं, वजन ३० किलोसुद्धा नव्हतं त्याचं. पहिल्या इंजेक्शनने फारसं काही झालं नाही, मग औषध जास्त शुद्ध करून २३ तारखेला परत दिलं तेव्हा लघवीतली साखर जवळजवळ गेली. त्याआधी डॉक्टर अशा पोरांना उपाशी ठेवायचे, तेवढेच काही महिने जास्त मिळावेत म्हणून. त्यांच्या आया काय बघत बसल्या असतील! तुझ्याकडे इन्शुलिनचं पेन आहे ना रे बॅगेत, मग का चुकवतोस?

झालं परत लेक्चर, सॉरी. पण ताप आला, उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही तरी इन्शुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन करायचा. साखर तपासायच्या पट्ट्या संपत आल्या असतील तर बाबांना सांग, ते पाठवतील. मला बोलू नकोस हवं तर, रात्रीचा डोस घेतलास की नुसता अंगठा टाक मेसेजवर.

आई