भूमातेच्या चित्रांमागील हातांचे आभार

भामरागड तालुक्यातील आमच्या आश्रमशाळेच्या विद्यार्थ्यांनी माडिया समाजाच्या भूमातेच्या परंपरेवर काढलेली चित्रे पाहण्यास पंचक्रोशीतून मंडळी आली, त्याबद्दल चित्रकला शिक्षक या नात्याने मी सर्वांचा ऋणी आहे. खरे श्रेय मात्र ‘नाव छापू नका’ असे बजावणाऱ्यांचे आहे.

सुरुवातीच्या कच्च्या चित्रांत मुलांनी कॅलेंडरातल्यासारखी मुकुट घातलेली देवी रेखाटली होती. ती पाहून एका वृद्ध पेरमांनी (गावच्या पुजाऱ्यांनी) रागावण्याऐवजी मुलांना शिवारात नेले आणि झाडाखालचे दगडाचे ठाणे दाखवत, पेरणीपूर्वीच्या विज्जा पंडुम या बियाण्याच्या सणाला बियाणे आधी भूमीपुढे का ठेवतात, हे माडियातच समजावून सांगितले. पुढच्या चित्रांतून मुकुट गेला आणि बियाण्याची टोपली आली, याचे मला विशेष समाधान आहे.

ओढ्याकाठची तांबडी व पांढरी माती चाळून, धावड्याच्या डिंकात कालवून रंग करून देणाऱ्या आयाबायांमुळे (बाजारच्या रंगांना तो मातकटपणा येत नाही, हे माझे स्पष्ट मत) आणि भर पावसात चित्रे ताडपत्रीत गुंडाळून ट्रॅक्टरने आणणाऱ्या तरुणामुळे हे प्रदर्शन उभे राहिले. या सर्वांचे मनःपूर्वक आभार. ज्यांची सुपे, टोपल्या व गंज अजून शाळेत आहेत, त्यांनी ती भांडी बाजाराच्या दिवशी कृपया घेऊन जावीत.