तो फलक जरा झाका: महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

सातबारा सोडून ही बाई लग्नाचं काय घेऊन बसली, असं आपल्याला वाटेल. पण नोंदणी व मुद्रांक विभाग आपल्याकडे येतो आणि नोंदणी पद्धतीने लग्न लावणारे विवाह अधिकारी त्याच विभागाचे. लोक त्याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात. कोर्टाचा त्यात काडीचाही संबंध नसतो, पण हे नाव काही सुटत नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाचीने नाशिकमध्ये असं लग्न केलं. मी तिची आत्या आणि तीन साक्षीदारांपैकी एक. मुलगा दुसऱ्या जातीचा, जळगावकडचा. घरात कुणाचा विरोध नव्हता. दोघांना हॉल, बँड, रुखवत यातलं काहीच नको होतं, त्यामुळे माझा भाऊ तर मनातून खूशच होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्नाची नोटीस दिली आणि हरकतींसाठी ठेवलेले तीस दिवस मोजायला लागलो. भटजींचा मुहूर्त टाळला तर सरकारचा आला.

आठवड्याभराने राहिलेला एक कागद द्यायला मी त्या कार्यालयात गेले. नाव घेत नाही, तिथली माणसं वाईट नाहीत. दाराशेजारी भिंतीवर फलक होता. काच तडकलेली, कुलूप नावाला. आत अशा नोटिशींचे कागदांवर कागद टाचलेले आणि प्रत्येकावर मुलामुलीचा फोटो, नाव, वय, काम, राहता पत्ता, कायमचा पत्ता. समोर चौकटीच्या शर्टातला एक माणूस मोबाइल घेऊन उभा होता. एक कागद बोटाने वर उचलायचा, खालच्याचा फोटो काढायचा, मोठा करून पत्ता नीट आलाय का ते बघायचा आणि पुढचा उचलायचा. घाई म्हणून नाही. मीटरचं रीडिंग घ्यायला आल्यासारखं चाललं होतं. शिपायाला विचारलं, तर म्हणाला, “येतो तो दोन-तीन दिवसांनी. काय करणार मॅडम, फलक सगळ्यांसाठीच असतो ना.”

चार दिवसांनी सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन आला. नंबर गावातल्या किराणा दुकानातून मिळवलेला. “तुमची नात पळून जाऊन कोर्टात लग्न करतेय, माहीत आहे का? मुलगा कुठल्या जातीचा आहे ते सांगू का?” अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. म्हणाले, “माहीत आहे. जेवणाला या, पत्ता तुमच्याकडे आहेच.” पलीकडून फोन ठेवला गेला. आम्ही हा किस्सा अजून सांगतो आणि हसतो.

पण त्या फलकावर निदान पंधरा जोडपी होती. सगळ्यांचे आजोबा अण्णांसारखे असतील कशावरून?

हे मी उगाच ताणत नाही. २०१३ साली याच नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापानेच रिक्षात गळा आवळला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ मध्ये फाशीऐवजी वीस वर्षांची शिक्षा झाली, दोष कायम राहिला. त्या खुनानंतर नाशिकमधून जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी राहिली आणि पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आला. आपल्या राज्याला याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. अटींत बसणारं आंतरजातीय लग्न केलं तर हेच सरकार पन्नास हजार रुपये देतं. पण त्यातली जी पोरं नोंदणीने लग्न करतात, त्यांचा पत्ता आधी महिनाभर भिंतीवर लावून ठेवतं.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण भाचीच्या निमित्ताने तो वाचला. नोटिशीच्या नमुन्यात नाव, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, पत्ता आणि तिथे किती दिवस राहता, एवढंच विचारलंय. फोटोचा रकाना त्यात नाही. हरकत कशावर घ्यायची तेही ठरलेलं आहे: आधीचा जोडीदार हयात असणं, मुलगी अठराच्या किंवा मुलगा एकवीसच्या आतला असणं, संमती देण्याची मनःस्थिती नसणं, निषिद्ध नात्यातलं लग्न असणं. जात त्यात नाही, धर्म नाही, ‘चार लोकांत नाक कापलं’ हेही नाही. आणि हरकत घेणाऱ्याला, या नोटिसा ज्यात नोंदवतात त्या विवाह सूचना पुस्तकात, सही करावी लागते. हरकत विनाकारण निघाली तर त्याच्यावर एक हजार रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो.

म्हणजे जो राजरोस हरकत घेतो त्याची सही हवी आणि जो गुपचूप फोटो काढून गावाला फोन लावतो त्याला कुणी नावही विचारत नाही.

हेच लग्न गंगापूर रोडच्या एखाद्या मंगल कार्यालयात अक्षता टाकून लावलं असतं, तर पत्रिका, भटजींची सही आणि तीन साक्षीदार घेऊन महापालिकेत १९९८ च्या कायद्याखाली नंतर नोंदवून आलो असतो. आधी तीस दिवस फलकावर कुणी लावलं नसतं. साधेपणाने लग्न करणाऱ्याचीच वरात भिंतीवर का? शिवाय मुलाचं कायमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून नोटिशीची एक प्रत जळगावलाही गेली. तिथल्या भिंतीवरचं मला माहीत नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

कायदा केंद्राचा आहे, तो आपण एकट्याने बदलू शकत नाही, हे मला कळतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्यावर सोडलं. केरळने २०२० मध्ये अशा नोटिसा संकेतस्थळावर टाकणं बंद केलं. आपल्याकडे निदान जे हातात आहे ते करा. फलकावरच्या कागदाला फोटो लावू नका, असं एक परिपत्रक निघू द्या. फलकाला धड काच आणि लागणारं कुलूप द्या आणि कागद एकेरी लावा, म्हणजे कुणाला उचलून चाळता येणार नाही. ज्याला सविस्तर बघायचंय त्याने आत येऊन पुस्तक बघावं, कायद्याने ते फुकट बघता येतं. फक्त बघणाऱ्याचं नाव तिथल्या लिपिकाने टिपून घ्यावं. ज्याची हरकत खरी असेल तो नाव द्यायला कशाला घाबरेल?

लग्नाच्या दिवशी दोघांनी ते कायद्यातलं एक वाक्य आमच्यासमोर म्हटलं, आम्ही तिघांनी सह्या केल्या, अण्णांनी साहेबांनाही पेढा दिला. दहा मिनिटांचं काम. तीन आठवड्यांनी दाखल्याची जादा प्रत घ्यायला मी पुन्हा गेले, तर भाचीचा कागद अजून तिथेच होता, फोटोसकट. लिपिक म्हणाले, काढायचं काम शिपायाचं. शिपाई म्हणाला, साहेबांनी सांगितलं तर काढतो. साहेब बैठकीला गेले होते.

तेव्हा परिपत्रक निघायला वेळ लागणार असेल, तर तोवर तो एक कागद काढायला नक्की कुणाला सांगायचं, तेवढं कळवावं.

आपली,
इंदिरानगर, नाशिक येथील एक आत्या