तोतरं नाही, बोलतच नव्हता

संपादक साहेब, नमस्कार,

आमचा नातू दोन वर्षांचा झाला तरी आई-बाबा सोडून एक शब्द नाही, पाणी पाहिजे असलं की माझं बोट धरून माठापाशी न्यायचा आणि नुसता बघत उभा राहायचा. घरात सगळ्यांचं एकच, अगं बाप पण उशिराच बोलला होता, मुलगे उशिराच बोलतात, वेखंड उगाळून जिभेला लाव. मी पण लावलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी सूनबाई हट्टानं सांगलीत डॉक्टरांकडे घेऊन गेली, त्यांनी आधी कानाची टेस्ट करायला लावली. कानाच्या पडद्यामागं पाणी साठलेलं, त्यामुळं पोराला आपलं बोलणं दबकं ऐकू येत होतं, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो! डॉक्टर म्हणाले, दीड वर्षाला एकपण शब्द नाही, दोन वर्षाला 'दूद दे' असे दोन शब्द जोडत नाही, नाव घेतलं तर वळत नाही, बोट करून काही दाखवत नाही, तर थांबायचं नाही. आणि येत असलेले शब्द गेले तर मग वय कितीपण असू दे, लगेच दाखवायचं.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, फुकट असतं, पण आमच्या गल्लीत निम्म्या आयांना ते माहीतच नाही. तुमच्या पेपरात तारखा छापत जा की.

एक आजी, मिरज